डिंपनाच्या घरची उबदार मिस्सा

डिंपना गिलरेनचं आणि वाऱ्याचं जन्मापासूनचं वैर. आयर्लंडमधल्या लेट्रिमच्या डोंगरउतारावर ज्या घरात ती वाढली, तिथे दाराखालून येणारा वारा चुलीतली राख पार अंथरुणापर्यंत आणायचा. लग्न होऊन मालाकीच्या घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने एकेक फट हुडकून चिंध्यांनी बुजवली. किल्लीच्या भोकातसुद्धा मोजा. मालाकी म्हणायचा, "माझं तोंड तेवढं उघडं राहिलंय, तेही बुजव." ती म्हणायची, "मोजे संपले, नाहीतर केव्हाच बुजवलं असतं."

अशा बाईच्या घरी यंदा मिस्सा, म्हणजे एरवी चर्चमध्ये होणारी सामुदायिक प्रार्थना, येणार होती. आमच्याकडे घरांना पाळीपाळीने हा मान मिळतो, आणि पाळी फिरून यायला पिढी उलटते. फादर घरी येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा होते, सगळी आळी जमते आणि मग भरपेट नाश्ता. त्याआधी महिनाभर घरातल्यांना चैन नसते. भिंती रंगवा, पडदे बदला, जिवाचं रान करा. मागची पाळी शेजारच्या फिलोमिनाची होती. तिचा घर तापवणारा बॉयलर ऐन वेळी रुसला आणि फादर कॉनबॉयनी ओव्हरकोट घालून, तोंडातून वाफा सोडत मिस्सा उरकली. डिंपनाने तिथे हळहळ दाखवली आणि घरी येऊन जाहीर केलं, "माझ्या घरी फादर कोट काढतील. नाही काढला तर नाव बदलेन."

सगळी भिस्त बॉयलरवर. तो स्वयंपाकघरामागच्या खोलीत, तेलाची टाकी परसात. बॉयलरशेजारच्या भिंतीत बशीएवढं जाळीचं भोक होतं आणि त्यातून बोचरा वारा यायचा. दर वर्षी बॉयलर साफ करायला फिलोमिनाचाच मुलगा एंडा यायचा. तो बजावून गेला होता, "काकू, हे भोक बुजवू नका हं. तेल जळायला हवा लागते. हवा कमी पडली की काजळी धरते आणि विषारी वायू सुटतो. त्याला ना वास ना रंग, माणूस झोपतो तो उठतच नाही." स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याने तो वायू साठला की वाजणारी बॅटरीची घंटाही लावून दिली होती.

डिंपनाने मान डोलावली. पण फिलोमिनाचा मुलगा तो. आपलं घर गार पडलं तर आनंद कुणाला होणार, हे काय तिला कळत नव्हतं? रंगकाम निघालं तशी घंटा भिंतीवरून उतरली आणि कपाटाच्या खणात, टेबलक्लॉथखाली गेली. भोकात मालाकीची जुनी जर्सी गच्च कोंबली गेली आणि वरून पांढऱ्या रंगाचा हात फिरला. "आता ये म्हणावं," ती वाऱ्याला म्हणाली.

त्यानंतर घरात सगळ्यांचं डोकं जड राहू लागलं. डिंपना म्हणाली, रंगाचा वास, दुसरं काय. मिस्सेच्या घरी सगळ्यांचं डोकं दुखतंच. फिलोमिनाचंही दुखलं होतं. रंग वाळावा म्हणून खिडक्या उघड्या होत्या, तेवढ्यावर निभावलं. बॉयलरवरच्या काचेवर काजळी दिसली ती तिने पुसून टाकली.

मिस्सेच्या सकाळी तिने खणातून भरतकामाचा टेबलक्लॉथ काढला, खिडक्या घट्ट लावल्या आणि बॉयलरची आच पूर्ण वाढवली. घर असं तापलं की लोणी बशीतच वितळायला लागलं. माणसं आली, खुर्च्या भरल्या. सासूबाई, म्हातारी बेसी, मागच्या खोलीच्या दाराशी, सगळ्यात उबदार कोपऱ्यात बसल्या होत्या. आणि फादर कॉनबॉयनी आत येताच कोट काढून मालाकीच्या हातात दिला. फिलोमिनानेसुद्धा गळ्याचं बटण सैल केलं. डिंपनाला आनंदाने आभाळ ठेंगणं झालं.

मिस्सा अर्ध्यावर आली, सगळे गुडघ्यावर, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि कपाटाचा खण किंचाळायला लागला.

कुणीतरी मोबाइल चाचपला. एंडा मात्र ताडकन उठला. "सगळे बाहेर चला."

डिंपनाचं डोकं भडकलं. साधला डाव आईच्या लाडक्याने. "खाली बस रे. बॅटरी संपली असेल त्या घंटेची."

"काकू, भोक उघडं आहे ना?"

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. एक 'हो' म्हटलं की मिस्सा पुरी झाली असती, नाक शाबूत राहिलं असतं. तिची नजर सासूबाईंकडे गेली. हनुवटी छातीवर, जपमाळ जमिनीवर पडलेली. "सासूबाई," तिने हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर नाही.

"नाही," ती म्हणाली. "बुजवलंय. मीच बुजवलं."

मालाकी आणि एंडाने म्हातारीला खुर्चीसकट उचलून अंगणात आणलं. जाता जाता एंडाने बॉयलर बंद केला, दारं सताड उघडली. फादरांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मार्चचा वारा डोंगरावरून सरळ अंगावर येत होता. डिंपना सासूसमोर चिखलात गुडघे टेकून बसली, तिचे हात चोळत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती वाऱ्याला विनवत होती, ये बाबा, जोरात ये.

बऱ्याच वेळाने बेसीने एक डोळा उघडला. "कुठल्या गाढवाने दार उघडं टाकलंय? वारा येतोय."

डिंपना तिथेच ओक्साबोक्शी रडायला लागली.

ॲम्ब्युलन्स आली, सगळ्यांना तपासून म्हातारीला प्राणवायू लावून घेऊन गेली. दोन दिवसांनी ती घरी परतली, तशीच कजाग. उरलेली मिस्सा फादरांनी तेलाच्या टाकीशेजारी, ओव्हरकोट घालून पुरी केली. डिंपना बिनकोटाची कुडकुडत उभी होती. फिलोमिनाने आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. "घे. तुझ्या घरी कोट काढायचाच म्हणतात ना."

डिंपनाने तो अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला.

घंटा आता भिंतीवर आहे. अर्धी पांढरी झालेली ती जर्सी मालाकी मुद्दाम घालून हिंडतो. आणि डिंपना रोज सकाळी उठली की आधी मागच्या खोलीत जाते, भोकावर तळहात धरते, वारा लागला की मगच चहा टाकते.