मुकादमाची हातभर भिंत

किल्ल्याच्या समुद्राकडच्या भिंतीतलं सिमेंट म्हाताऱ्या इदवल गवंड्याने दोन वर्षं छिन्नीने काढलं आणि दगडांमधल्या दरजांत चुना भरला. दिवसाला फार तर तीन दगड. दाराजवळचा हातभर तुकडा मात्र त्याने मुद्दाम तसाच ठेवला.

तो तुकडा हेफिनच्या कारकिर्दीतला. पंधरा वर्षांपूर्वी हेफिन इथला मुकादम होता. उन्हाळ्याचे पाहुणे येण्याआधी काम उरकायचं म्हणून त्याने दरजांत सिमेंट भरायला लावलं. इदवल म्हणाला, "दगड मऊ आहे. पाणी आत कोंडेल, दगड सडेल." हेफिनने त्याला घरी पाठवलं आणि गुत्त्यात सांगितलं, म्हाताऱ्याचे हात गेले. वेल्सच्या त्या किनाऱ्यावर मग कुणी इदवलला गवंडीकाम दिलं नाही. तेरा वर्षं त्याने खानावळीत बटाटे सोलले. मग भिंतीचे दगड सडू लागले, तेव्हा किल्ल्यावाल्यांनी त्यालाच परत बोलावलं.

ईस्टरच्या रविवारी भरतीने वाळू गिळली, तशी माणसं किनाऱ्यावरून किल्ल्यात चढली. त्यांत हेफिन होता, बायकोला घेऊन.

"बघ मायर, ही माझी भिंत," तो म्हणाला. मग त्याला तो तुकडा दिसला. सिमेंटच्या रेघा मधाच्या पोळ्यासारख्या पुढे आल्या होत्या. दगड मागे दोन बोटं झिजले होते.

"या मुकादम," इदवल बाकावरून म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो."

"इदवल? अरे, एवढं काढून टाक की."

"तुम्हीच काढा ना." इदवलने छिन्नी-हातोडा पुढे केला.

मायर हसली. "दाखवा की! रोज जेवताना ऐकतेय मी, तुमच्यासारखं काम कुणाचं नाही."

हेफिनने कोट काढला. दहा घावांत सिमेंट हललं नाही. अकराव्याला दगडाचीच कड फुटून पायाशी पडली. इदवलने फ्लास्कमधला चहा स्वतःपुरता ओतला.

"छिन्नी आडवी धरा. मनगट सैल. घाई केली की दगड जातो."

"बघत काय बसलायस? हात लाव."

"माझे हात गेलेत ना."

माणसं जमली. वाळूने भरलेले बूट हातात घेतलेली एक बाई पुढे वाकून बघू लागली. "अरेरे! बाकीची भिंत किती सुरेख, आणि हे असं कुणी केलं हो?"

"हेफिन प्रॉथेरो," इदवल सावकाश म्हणाला. "छिन्नी हातात आहे, ते."

"मग हे काढणार कधी?"

"नाही काढणार," इदवल म्हणाला.