जाणूनबुजून मारलेली गाठ

घरातलं इंटरनेट बंद पडलं की वडगावातले आप्पा आधी राऊटरच्या डबीकडे बघत नसत. वायर चिमटीत धरून भिंतीच्या कडेने दारापर्यंत चालत जात आणि पुटपुटत, "कुठंतरी गाठ हाय." आयुष्यभर साड्या विणलेला माणूस. माग विकून आमच्या तीन गल्ल्यांना इंटरनेट पुरवायला लागला, तरी हात विणकराचाच राहिला. "जाड गाठ मागाच्या फणीत अडकतीया, पोरी. दोष साडीचा नसतोय, इणणाऱ्याचा असतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या वर्षी माझ्या आईची मालिका अडखळायला लागली. बाकी सगळं झकास चालायचं. फक्त मालिका-सिनेमांच्या त्या एकाच ॲपवर चाक गरगरत बसायचं. आईने आप्पांना दारातच धरलं. "आप्पा, तुमच्या नेटचं म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!" सत्तरीला टेकलेले आप्पा खांबावर चढले, सगळी वायर बदलली. चाक फिरतच राहिलं. एकेक घर दुसरीकडून जोडणी घेऊ लागलं. आप्पा कुणाला उलट बोलले नाहीत. "सूत माझं, म्हंजे गाठ बी माझ्यातच," म्हणायचे.

शेवटी ज्या कंपनीकडून ते लाईन घेत, तिच्या टिळकवाडीतल्या ऑफिसात गेले. इंग्रजी लागलंच तर म्हणून मला सोबत नेलं. दोष दाखवायला जुन्या वायरीचं वेटोळं पिशवीत होतं. तिथल्या साहेबाने ते पाहिलंही नाही.

"काका, तुमच्या वायरीत काही नाही. त्या ॲपवाल्यांचं आणि आमचं भांडण चाललंय. आमच्या लाईनवरून एवढं सगळं नेतात, तर भाडं द्या म्हणतोय. तोवर त्यांची वाट जरा अरुंद केलीय."

मी हबकलेच. चहा ढवळत, इतकं सहज सांगितलं त्याने! खांबावर थरथरणारे आप्पांचे पाय मी पाहिले होते.

"म्हंजे गाठ तुमी मारलीया?" आप्पांनी विचारलं. "जाणूनबुजून?"

"तसं समजा."

रिक्षात ते एवढंच बोलले, "जल्मभर गाठी सोडवल्या गं. मुद्दाम मारणारा मानूस आज बघितला."

घरी मी आईला सगळं सांगितलं. तिला ती आप्पांची सबबच वाटली.

मग एका सकाळी कंपनीचं आणि ॲपवाल्यांचं मिटलं आणि मालिका सुरळीत चालू लागली. आईने आप्पांना बोलावून वाटीभर गोड कुंदा पुढे केला. "सापडली की हो गाठ! तुमच्या हाताला तोड नाही."

"म्या हात बी लावला न्हाय, आक्का."

त्यांनी वाटीला हात लावला नाही. त्याच आठवड्यात सगळ्या जोडण्या दुसऱ्याच्या हवाली केल्या. आता तर सगळं ठीक आहे, मग का, मी विचारलं.

"बिघडलं तवा शिव्या मला, सुधारलं तवा कवतिक बी मलाच. आन् माग दुसऱ्याच्या हातात. मग मी कोन गं?"

आता आप्पा आमच्याकडे नुसते चहाला येतात. आत येताना सवयीने हात वायरीकडे जातो, आणि तिला न शिवताच ते तो मागे घेतात.