अर्धी दशमी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कामानिमित्त मला काही आठवडे बेल्जियमला जाण्याची संधी मिळाली. जालन्यात बियाण्यांच्या व्यवसायात माझी उमेदीची वर्षे गेली होती आणि या प्रवासाकडे मी त्या वर्षांचा मान म्हणून पाहत होतो. पत्नीही सोबत होती. ब्रुसेल्समधील आमच्या खोलीत एक लहानशी शेगडी होती. एका रविवारी गेंट आणि ब्रूज ही दोन जुनी शहरे पाहण्याचे ठरले, तेव्हा तिने सकाळी लवकर उठून दशम्या केल्या. परतूरला माहेरी जाताना करायची तशाच, दुधात भिजवलेल्या पिठाच्या. सोबत लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी. पीठ तिने जालन्याहून आणले होते.

तो देश इतका लहान, की आमच्या पॅसेंजरला जालन्याहून परतूर गाठायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात तिथे ब्रुसेल्स मागे पडून, गेंट ओलांडून ब्रूज येई. अर्ध्या अर्ध्या तासाने गाडी. तरी आम्ही सवयीने तासभर आधीच फलाटावर जाऊन बसलो होतो.

"ही गाडी थांबती कुठं? नुस्ती टेकती अन् निघती," ती म्हणाली. "आपल्याकडं असती तर माझी आई चढलीच नसती."

खिडकीबाहेर सपाट हिरवी शेते होती. "इथं इहिरी दिसंनात," असे काहीबाही ती बोलत राहिली. एवढे सलग ती माझ्याशी त्यानंतर कधीच बोलली नाही, हे मला फार उशिरा जाणवले.

समोर एक वृद्ध गृहस्थ बसले होते, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. गेंट येण्याआधी तिने डबा उघडला. आमच्या पॅसेंजरमध्ये समोरच्याला दिल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही. तिने तरी कधी घातला नव्हता. तिने दशमी मधोमध मोडली, तिच्यावर चिमूटभर चटणी ठेवली आणि हात पुढे केला.

"घ्या बाबा. दुधातली हाये, मऊ हाये."

लसणाचा वास साऱ्या बोगीत पसरला असे मला वाटले. कुणीही पाहत नव्हते. मला मात्र सगळे पाहत आहेत असा भास झाला. मी तिचे मनगट धरले आणि खाली दाबले.

"इथं असं न्हाई करत. लोक काय म्हणतील?"

माझे लक्ष तिच्या हाताकडे होते, म्हणून त्या गृहस्थांचा हात मला उशिरा दिसला. तो टोपीवरून उचललेला होता. घेण्यासाठी. क्षणभर तो तसाच अधांतरी राहिला आणि परत टोपीवर गेला. पत्नीने तो माझ्या आधी पाहिला होता. तिने मोडलेले दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले आणि डबा बंद केला. गेंटला उतरताना ते गृहस्थ तिच्याकडे पाहून किंचित झुकले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

गेंटमध्ये आम्ही ट्रामने जुन्या भागात गेलो. एका रांगेत उभे असलेले तीन मनोरे, पाण्याच्या काठची व्यापाऱ्यांची शेकडो वर्षांची घरे, भर वस्तीत किल्ला. मी वाचून आलो होतो, म्हणून सांगत राहिलो. ती "हो" म्हणत राहिली. ब्रूजला एका दारात एक म्हातारी लाकडी कांड्यांवर दोरे गुंडाळून जाळीदार लेस विणत होती. पत्नी तिथे थबकली. म्हातारीने हसून लेसला हात लावून पाहण्याची खूण केली. पत्नीने हात पुढे नेला, थांबवला आणि माझ्याकडे पाहिले.

ते पाहणे परवानगी मागणारे होते. त्या दिवशी मी पाहिलेले दुसरे काहीही मला इतके स्पष्ट आठवत नाही.

कालव्याच्या काठी बसल्यावर मी म्हणालो, "आता खाऊ या."

"भूक न्हाई."

वरच्या मनोऱ्यात घंटा वाजत होत्या. मी तळलेल्या बटाट्याचे काप आणले. तिने दोन खाल्ले, तेही माझा शब्द राहावा म्हणून.

जालन्याला परतल्यावर त्या शहरांची वर्णने मी कित्येकांना ऐकवली. कुणी तिला विचारले, तर ती म्हणे, "ह्यांनाच इचारा." तिने दोष कधी दिला नाही. त्या मौनाचा आधार घेऊन मी माफी मागायचे टाळत आलो. परतूरच्या गाडीत मात्र ती आता खिडकीकडे तोंड करून डबा उघडते, मला देते, स्वतः खाते. समोरच्याला विचारत नाही.

ब्रूज पुन्हा पाहण्याची मला ओढ नाही. ओढ आहे ती गेंटच्या अलीकडच्या त्या काही मिनिटांची, जेव्हा तिला विहिरी दिसत नव्हत्या आणि ती ते मला सांगत होती.

गेल्या वर्षी परतूरला जाताना तिने डबा उघडला, तेव्हा मीच एक दशमी उचलली आणि समोरच्या शेतकऱ्यापुढे धरली. माझा हात अवघडलेला होता.

"ऱ्हाऊ द्या साहेब, आत्ताच जेवून निघालो."

हात तसाच राहिला. खिडकीबाहेर पाहतच ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?" आणि थोड्या वेळाने, जरा हळू, "अर्धी मोडून द्यावी. आख्खी दिली की माणूस लाजतो."

मी दशमी मोडली. त्या माणसाने अर्धी हसून घेतली. उरलेला अर्धा भाग मी तिच्यापुढे धरला आणि तिच्या शेजारी बसलेल्या बाईंकडे नजर केली, तिने तो त्यांना द्यावा म्हणून. तिने तो घेतला, डब्यात ठेवला; पण झाकण लावले नाही. दोन्ही हात डब्यावर ठेवून ती बसून राहिली. मी वाट पाहिली. परतूर येईपर्यंत पाहत राहिलो.