टाकीवरचे टिपके

मला गॅसबत्त्यांचा नाद लागला तवा बायको म्हनली, "लोक दारू पित्यात, पत्ते खेळत्यात. तुमाला नाद बी धड जमला न्हाई." खरंच हाय. घरात चौदा बत्त्या, आन् उजेड एलईडीचा. पूर्वी वरातीत डोक्यावर घ्यायचे त्या ह्या, हवा मारून पेटवायच्या. भंगारातून मोडक्या आनायच्या, वायसर बदलायचं, पितळंची टाकी आरशावानी घासायची. घासन्यात आपला हात कुनी धरत न्हाई. एका टाकीला तर घासून घासून भोकच पाडलं हुतं.

गेल्या वर्साला जामखेडच्या भंगारात एक बत्ती घावली. टाकी काळीकुट्ट, पोटावर बारीक टिपकेच टिपके. मला वाटलं, पितळंला कीड लागली. शाळंची पायरी म्या फकस्त पाऊस आला की आडोशाला चढलेलो. दोन दिस काचपेपरनं घासली, मग पालिशच्या मशिनवर धरली. एक टिपका ठिवला न्हाई.

आठ दिसांनी एक म्हातारबाबा दारात. भंगारवाल्यानं पत्ता दिलेला.

"बत्ती आमच्या चर्चला मीच दिल्ती," बाबा म्हनले. "पोरगी तापानं गेली, सात वर्साची. तिच्या नावानं. चर्चची डागडुजी झाली तवा अडगळीबरुबर भंगारात गेली. फोटो न्हाई तिचा. कबरंवरचा लाकडी क्रूस वाळवीनं खाल्ला. नाव तेवढं टाकीवर टोचून घातल्यालं हाय. आमच्या मंडळीचं डोळं गेलं, आंथरून धरलंय. एकदा नावावरनं हात फिरवते म्हनती."

म्या बत्ती पुढं ठिवली. बाबांनी फिरवली, चष्मा पुसला, परत फिरवली.

"ही न्हवं," म्हनले. मग बुडाकडं बघितलं. "पर हा पोचा तर माझ्याच हातचा. नाव कुठंय?"

"बाबा, ते टिपके म्हंजी नाव हुतं व्हय?"

"मग तुला काय वाटलं?"

"कीड."

बाबा खालीच बसले. मी म्हनलो, "कासाराकडनं परत टोचून घेतो. आजीला काय कळतंय?"

"मला कळंल ना," बाबा म्हनले. "चल. तूच सांग तिला."

बाबांच्या घरी आजी खाटंवर हुती. बाबांनी टाकी तिच्या पोटावर ठिवली. तिची बोटं पितळंवरनं हळूहळू सरकाया लागली. मी घडाघडा बोललो, "आजी, म्या घासून टाकलं. मला वाचता येत न्हाई." शिव्या दिल्या आस्त्या तर बरं वाटलं आस्तं. शिव्या खायची सवय हाय मला.

आजी म्हनली, "आसं व्हय." बोटं काय थांबली न्हाईत.

"आगं, न्हाई ऱ्हायलं नाव," बाबा म्हनले.

"आसंल हो. जरा फिरवा, त्या अंगाला बघते."

बाबा जागचे हालले न्हाईत. मग मीच टाकी फिरवली.