भाऊजींची झोप आणि जहाजावरची नाटकं

जहाजावर दाखवायचं संगीत नाटक कसं निवडतात असं मास्तरांना विचारलं, की ते आधी एकच गोष्ट सांगतात. प्रेक्षक जेवून आलेला असतो.

साधं जेवून नव्हे. तिकिटातच जेवणाचे पैसे धरलेले असल्यामुळे ते वसूल करून आलेला असतो. अंगात नवा शर्ट, खाली मऊ खुर्ची, त्याखाली हलतं जहाज. असा माणूस पहिल्या गाण्याला टाळ्या वाजवतो, दुसऱ्याला मान डोलवतो आणि तिसऱ्याला त्याची हनुवटी छातीला टेकते. मग कुठल्याशा टाळ्यांनी दचकून जागा होतो आणि बायकोला विचारतो, "ही कोण?" बायकोही तेव्हाच जागी झालेली असते. दोघांना काही कळत नाही, दोघं उठतात. त्यांना पाहून मागची रांग उठते. आणि नायिका रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत गात राहते, की मला सोडून जाऊ नका.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. जहाज कंपनीत येण्यापूर्वी ते एका नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर बसत. तिथलं 'तिकीटमास्तर' झिजून नुसतं 'मास्तर' उरलं. खिडकीतून रंगमंच दिसत नसे, पण नाटकातून उठून चाललेला प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जाई. कंपनीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "किती नाटकं पाहिलीत?"

"धड एकही नाही," मास्तर म्हणाले. "पण लोक कुठे उठतात ते पाठ आहे."

साहेबांनी शेजारच्या साहेबांकडे पाहिलं आणि नोकरी दिली.

कंपनीच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावरच्या करमणूक विभागात मास्तरांचं एक टेबल आहे, एक टीव्ही आहे आणि नाटक मंडळ्यांनी पाठवलेल्या रेकॉर्डिंगनी भरलेलं एक कपाट. त्यातली निम्मी नाटकं ते पहिल्या दहा मिनिटांत बाद करतात. जहाज बुडत असेल तर बाद. वादळाचं नुसतं गाणं असेल तरी बाद. जुळी भावंडं बाद, वेषांतर बाद. रंगमंचावर कोणी जेवायला बसलं तर बाद, कारण जहाजाच्या वरच्या मजल्यावर अजून जेवण चालू आहे याची प्रेक्षकाला आठवण होते. नायिकेने कपडे बदलायचे नाहीत. झोपेतून उठलेला माणूस चेहरा ओळखत नाही, रंग ओळखतो. पिवळी ती चांगली, काळा तो नालायक, एवढ्या भांडवलावर त्याला पुढचं नाटक समजलं पाहिजे.

या चाळणीतून जे उरे ते भाऊजींकडे जाई.

भाऊजी म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त. मास्तरांनी लग्न केलं नाही, ते ताईकडेच राहतात. दर बुधवारी जेवणं झाली की भाऊजी हाताच्या खुर्चीत बसत, मास्तर नाटक लावत आणि भाऊजी झोपत. त्यांच्यासारखा झोपणारा कंपनीला पगार देऊनही मिळाला नसता. दुसऱ्या गाण्याला लागायची, टाळ्यांना उघडायची, पुन्हा लागायची.

"ही पिवळी अजून रडतेच आहे?" डोळे उघडून ते विचारत.

"हो."

"मग काही चुकलं नाही माझं," म्हणून पुन्हा झोपत. नाटक पास. पण "ही मघाशी त्याची आई होती ना?" असलं काही तीनदा निघालं, की नापास. शेवटी भाऊजी अंग मोडत आपलं मत देत, तेही धंद्यातल्या भाषेत. "वर चांगलं चढलं, पण मधल्या मजल्यावर अडकलं रे." मास्तर मान हलवत. हे मत ते कधीच धरत नसत. ते फक्त झोप धरत.

भाऊजींना मात्र वाटे, आपल्या मतावर जहाजं चालतात. केशकर्तनालयात ते सांगत, "सध्या जहाजावर जे लागलंय ना, ते मी पास केलंय." आणि मास्तर ऑफिसात अहवाल देत, 'चाचणी मंडळाचे मत अनुकूल.' मंडळात किती माणसं आहेत, हे कोणी विचारलं नाही आणि मास्तरांनीही आपणहून सांगितलं नाही.

मग ते शिट्टीचं नाटक झालं. रेल्वे स्टेशनवरची गोष्ट होती. त्यातला गार्ड आपल्या गाण्याच्या सुरुवातीला सात आखूड शिट्ट्या वाजवी आणि एक लांब. भाऊजी त्यावर उत्तम झोपले, उत्तम उठले, नाटक जहाजावर गेलं. आता, जहाजावर पाऊल ठेवल्या दिवशीच प्रवाशाला शिकवतात, की सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला म्हणजे संकट आहे, लाइफ जॅकेट घालायचं आणि नेमून दिलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. तीनेकशे लोकांनी शिकवल्याप्रमाणे केलं. नायकही गेला, तो शिस्तीचा माणूस. गार्डने मात्र एकट्याने गाणं पुरं केलं. इतकी शिस्तीची कवायत आपण पाहिली नाही, असं कप्तान म्हणाले. कंपनी तसं म्हणाली नाही. तिने करमणूक विभागावर नव्या मॅडम आणून बसवल्या.

मॅडम जेवण विभागातून आल्या होत्या. कुठलीही गोष्ट स्वतः पाहिल्याशिवाय त्यांना पटत नसे. फ्रिज नीट गार होतो का हे पाहायला त्या आत जाऊन दार लावून उभ्या राहिल्या होत्या, अशी त्यांची ख्याती. त्यांनी मास्तरांना बोलावलं.

"हे चाचणी मंडळ. किती जणांचं आहे?"

"लहान आहे, मॅडम."

"भेटतं कुठे?"

"म्हणजे... तसं घरीच. बुधवारी, जेवणानंतर."

"येत्या बुधवारी मी येते. नव्या जहाजासाठी ते छत्रीचं नाटक तुम्ही काढलंय ना, ते मंडळाबरोबरच पाहू. मंडळ पटलं तर ठीक. नाहीतर तळघरात एक जागा रिकामी होतेच आहे."

तळघरात हरवलेल्या सामानाचा विभाग होता. प्रवासी विसरून गेलेल्या वस्तू तिथे जमत. एकेकट्या चपला, चष्मे आणि, सांगितलं तर खोटं वाटेल, कवळ्या. तिथला माणूस दिवसभर फोनवर असे. "वरची की खालची? पुढचा दात जरा तिरका आहे का?" ज्याला कंपनीत कुठेच ठेवता येत नाही त्याला तिथे ठेवत.

तरी मास्तर घाबरले नाहीत. मंडळ एका माणसाचं असलं तरी मंडळाची झोप पक्की होती. ती एकदा मॅडमनी डोळ्यांनी पाहिली, की पटणारच. आणि नेमकं त्याच आठवड्यात ताईने भाऊजींना डॉक्टरकडे नेलं. घोरण्यासाठी. डॉक्टरांनी रात्री नाकावर लावायचा मुखवटा दिला, त्याला नळी, नळीला यंत्र. तो लावला, की भाऊजी विमान चालवायला निघाल्यासारखे दिसत. पहिल्या रात्री घरात इतकी शांतता पसरली, की माणूस आहे ना हे पाहायला ताई दोनदा उठली.

माणूस होता. इतकंच नव्हे, तो सकाळपासून टवटवीत होता. सोमवारी मास्तरांनी सहज म्हणून एक जुनं, कधीच नापास झालेलं नाटक लावलं. भाऊजींची पापणी लवली नाही. ते हसले, रडले, खलनायकाला शिव्या दिल्या आणि शेवटी उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"अरे, याला शेवटही असतो होय!"

मास्तरांनी टीव्ही बंद केला. "भाऊजी," ते म्हणाले, "बुधवारी तेवढं झोपाल का?"

"झोपू? मॅडम माझं मत ऐकायला येणार आणि मी झोपू?"

मग सगळं सांगावंच लागलं. भाऊजींनी ते बसून ऐकलं. "म्हणजे इतकी वर्षं तू मला मत विचारायला बसवत नव्हतास?"

"अहो, तुमची झोप हेच मत होतं," ताई समजूत घालायला गेली.

"तुला माहीत होतं?"

"अख्ख्या इमारतीला माहीत आहे. खालच्या मजल्यावर ऐकू जायचं."

भाऊजींनी मास्तरांशी बोलणं टाकलं. मंगळवारी मास्तरांनी तो मुखवटा रात्रीपुरता लपवायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा ताईने खडसावलं, "तू खुशाल तळघरात जा. इतक्या वर्षांनी मला झोप मिळालीय. हात लावून तर बघ त्याला."

बुधवारी संध्याकाळी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. भिंतीकडे बघत म्हणाले, "एकदाच झोपेन. तेही तो हिचा भाऊ आहे म्हणून. मी झोपतो कसा, ते दाखवा."

ताईने खुर्चीत बसून दाखवलं. मान डावीकडे, तोंड उघडं, एक हात लोंबता.

"इतकं वाईट?"

"मी आवाज काढला नाहीये अजून."

मॅडम वेळेवर आल्या. ताईने खिडकीतून पाहिलं आणि त्यांचा ड्रायव्हर गाडीत बसलाय म्हणून त्यालाही वर बोलावलं. त्याला जेवायला वाढलं, त्याने दोनदा घेतलं आणि दाराशी खुर्ची ओढून बसला. मॅडमनी भाऊजींकडे पाहिलं.

"हे मंडळ?"

"हो."

"बाकीचे?"

"आज नाही येणार," मास्तर म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

नाटक सुरू झालं. एका दुकानात छत्र्यांची अदलाबदल होते आणि त्यावरून दोन लग्नं जमतात, अशी गोष्ट. पडदा उघडतो न उघडतो तोच बटण दाबल्यासारखे भाऊजी झोपले. पहिलं गाणं आलं तसे ते घोरायला लागले, तेही तालात. माणसाला ठेक्याची जाण होती. कडव्यात सावकाश, ध्रुवपदाला जोरात. विनोद झाला की झोपेतच खुदकन हसत. मग एकदम डोळे उघडून त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "ही पिवळी कोण?"

पिवळी अजून रंगमंचावर यायची होती.

ताईने पदर तोंडाला लावला. मॅडमनी आपली खुर्ची टीव्हीकडून भाऊजींकडे वळवली आणि तिथून पुढे त्या त्यांनाच पाहत बसल्या. नाटकात नायिकेला छत्री परत द्यायची वेळ आली, सारंगी वाजू लागली आणि भाऊजींच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही झोपेत रडता?"

"हो," भाऊजी डोळे न उघडता म्हणाले. "लहानपणापासून सवय आहे."

"टीव्ही बंद करा."

मास्तरांनी बंद केला आणि उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. मंडळ नाही, भाऊजी आहेत. होते. त्यांच्या झोपेवर नाटकं पास होत होती आणि आता ती झोप बरी झाली. भाऊजींनी एक डोळा उघडला, परिस्थिती पाहिली आणि मिटला. मॅडम काही बोलणार, एवढ्यात दाराकडून आवाज आला.

"बंद का केलं? तिच्या बापाकडेच छत्री आहे, हे कळलं का त्या मिशीवाल्याला?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ड्रायव्हरच्या गालावर दाराच्या चौकटीची रेघ उमटली होती.

"तुम्ही पाहत होतात?" मॅडमनी विचारलं.

"छे हो. जेवण जरा जास्त झालं. दोनदा डोळा लागला. एकदा तर बराच."

"मग गोष्ट काय आहे, सांगा."

"सोपी आहे की. पिवळीचं मन मिशीवाल्यावर आहे, पण छत्री दिल्याशिवाय तिला बोलायचं नाहीये. तो काळा नालायक आहे, ते तर कपड्यांवरूनच कळतं. आणि छत्री बापाच्या पलंगाखाली."

"आणि कुठल्या गाण्याला झोपलात?"

"गाणी होती मध्ये?"

मॅडमनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "मी पूर्ण जागी होते," त्या म्हणाल्या, "आणि मला एक अक्षर कळलेलं नाही. मी या काकांकडे बघत होते." मग मास्तरांकडे वळल्या. "तुमची पद्धत बरोबर आहे. माणूस बदला."

छत्रीचं नाटक नव्या जहाजावर गेलं. पहिल्या खेळाला मधूनच उठून गेले ते चौघं, आणि त्यातले दोघं समुद्रामुळे. तळघरातल्या कवळ्यांना दुसरा कोणी मिळाला. ड्रायव्हर आता दर बुधवारी येतो, जेवतो आणि हाताच्या खुर्चीत झोपतो. त्याला याचं वेगळं काही मिळत नाही, पण ताई वाढते ते त्याला पुष्कळ वाटतं.

भाऊजी त्याच्या शेजारीच बसतात, लख्ख जागे. आता ते अख्खं नाटक बघतात, आणि आपण बघतोय ते शेजारच्याने झोपून वाया घालवावं, हे त्यांना सहन होत नाही. ते कोपर मारतात. मास्तरांनी दोघांच्या मध्ये ताईला बसवलं, तर ते तिच्या मागून हात लांब करतात. गेल्या बुधवारी त्यांनी ड्रायव्हरला चिमटा काढून ऐन दुसऱ्या अंकात उठवलं.

"भाऊजी," मास्तर हात जोडून म्हणाले, "त्याला झोपू द्या. पोटावर पाय आणाल माझ्या."

"झोपेल रे," भाऊजी टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले. "आत्ता दोघींचं भांडण आहे. ते बघून झोपेल."

ड्रायव्हर बिचारा डोळे चोळत भांडण बघत बसला, आणि नाटक संपेपर्यंत त्याला झोप लागली नाही. त्या नाटकाचा निकाल अजून लागायचा आहे.