वरात जावयाची, गाणी कंपनीची

नोटीस टेबलावर ठेवून रशीदभाई म्हणाले, "मॅडम, लगनातल्या गाण्याला परवानगी लागत न्हाई म्हणतेत. मग मला कावून ओढलं?"

युसूफ वडगाव या गावी रशीदभाईंचा डीजेचा टेम्पो आहे. मुंबईच्या एका संगीत कंपनीने त्यांच्यावर बीडच्या कोर्टात दावा लावला होता. आमची गाणी विनापरवाना वाजवली, ताबडतोब मनाई हुकूम द्या, असं तिचं म्हणणं. मनाई हुकूम म्हणजे निकाल लागेपर्यंत वाजवणं बंद. लगीनसराई तोंडावर होती. रशीदभाईंचं वर्षभराचं पोट त्या दोन महिन्यांवर.

कायदा तसा सोपा आहे. हॉटेलात, जलशात गाणं वाजवायचं तर मालकाची परवानगी हवी. लग्न, वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभांना सूट. यावरून अलीकडे हायकोर्टांतही बरीच भांडणं झाली आहेत. मी विचारलं, लग्न कुणाचं होतं?

"लगन न्हवतं. जावयाची गाढवावरून मिरवणूक होती."

मी डोक्याला हात लावला. आमच्या केज तालुक्यात एका गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवतात. गळ्यात चपलांचा हार घालून गावभर फिरवतात आणि शेवटी नवे कपडे, सोन्याची अंगठी देऊन त्याचा मान करतात. धुळवड जवळ आली की गावचे जावई फरार होतात. आता हे गाढव कुठल्या कलमात बसवायचं?

कोर्टात मी ठणकावून सांगितलं, माणूस जावई होतो तो लग्नामुळेच, म्हणून हा लग्नाशी संबंधितच समारंभ. कंपनीचे वकील हसले. म्हणाले, गाढवावरचा माणूस गावचा जावई होता याला पुरावा काय? मला रागच आला, पण मुद्दा बरोबर होता. जावई कोण, हे विचारायचंच मी विसरले होते.

मग त्यांनी व्हिडिओ लावला. कंपनीच्या तपासनिसाने तो स्वतः काढला होता. गाणं स्पष्ट ऐकू येत होतं, रशीदभाईंचा टेम्पोही दिसत होता. पण चित्र सारखं डुलत होतं आणि खालच्या बाजूला दोन लांब कान हलत होते.

न्यायाधीशांनी तपासनिसाला उभं केलं.

"हे शूटिंग कुठून केलं?"

"मिरवणुकीतून, साहेब."

"मिरवणुकीत तुम्ही कुठे होतात?"

त्याने आधी आपल्या वकिलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "वर."

मागून रशीदभाई कुजबुजले, "ह्योच जावई हाय, मॅडम. पुरावा घ्यायला आलता, पोरांनी धरून बसवला."

आधी का नाही सांगितलं, असं मी दातओठ खात विचारलं.

"तुमी इचारलं न्हाई. आन जावयाची इज्जत चारचौघांत कशाला काढायची?"

मी पुरती ओशाळले, पण उठून कोर्टाला सांगितलं की गाढवावरचा जावई हाच, आणि अंगठीच्या मानाचंही सांगितलं. न्यायाधीशांनी तपासनिसाला अंगठीबद्दल विचारलं. ती बोटातच होती.

मनाईचा अर्ज फेटाळला गेला. दावा अजून रखडत चालू आहे, पण रशीदभाईंचा टेम्पो सगळी लगीनसराई वाजला. तपासनिसाबद्दल मला आदरच वाटतो. गाढवावर बसूनही त्याने फोन सोडला नाही. चूक कंपनीची. गावची माहिती असलेला माणूस म्हणून तिने त्याला पाठवलं होतं. तसा माणूस पाठवावाच, पण ती माहिती त्याला सासऱ्याकडून मिळालेली नाही ना, एवढं आधी बघून घ्यावं.