राइट क्लिकमधली दोन नावं

आमच्या घरात सहीपलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी हे लिहायला बसलोय हा थोडा आगाऊपणाच आहे, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. जे झालं ते झालं तसं सांगतो.

मी लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संगणकशास्त्र. कॉलेज सकाळचं. दुपारनंतर मी रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या काउंटरवर बसतो. आतल्या खोलीत मशीनजवळ टेक्निशियन ताई असतात, वरच्या मजल्यावर डॉक्टरसाहेब. तिघांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले आहेत.

आधी ताई रिपोर्ट तयार करून नेटवर्कमध्ये फोल्डर शोधत बसायच्या. घाईत कुठलाही रिपोर्ट कुठंही जायचा. एकदा एका बाईंचा वाईट रिपोर्ट सरळ काउंटरला आला आणि छापून त्यांच्या हातात गेला. त्यांच्या मुलानं तो तिथंच मोठ्यानं वाचला. बाई जिन्यात खाली बसल्या त्या उठेनात. साहेब मला म्हणाले, "असा रिपोर्ट आधी माझ्याकडे आला पाहिजे. पेशंटला मी सांगेन. काय करता येईल ते बघ."

फाइलवर राइट क्लिक केलं की 'सेंड टू' नावाची यादी उघडते. तिच्यात ब्लूटूथ, ई-मेल असं बरंच नको ते असतं. ती यादी एका साध्या फोल्डरातून येते, हे मला माहीत होतं. ताईंच्या कॉम्प्युटरवर मी त्या फोल्डरातलं सगळं काढलं आणि दोनच शॉर्टकट ठेवले. एकाचं नाव 'काउंटर', दुसऱ्याचं 'साहेब'. चांगला रिपोर्ट काउंटरला, बिघडलेला साहेबांना. साहेबांचं फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवरून उघडणार नाही अशी सोयही मीच केली.

"बरं केलास रे," ताई म्हणाल्या. "बोटं दुखायची माझी."

फोनवर बाबांना सांगितलं. त्यांना त्यातलं फारसं कळलं नसावं, तरी म्हणाले, "म्हंजे डाक्टर लोकं तुझ्या हातचं वापरायलेत म्हण की."

पण काही दिवसांत माझ्या लक्षात एक गोष्ट आली. कोणाचं काय बिघडलंय हे कळायला मला रिपोर्ट बघायची गरज उरली नव्हती. संध्याकाळी माझ्या फोल्डरात नंबरवार रिपोर्ट यायला लागत. पुढच्या-मागच्या नंबरांचे आले आणि मधलाच आला नाही, की मला कळायचं. तो माणूस समोरच्या बाकावर चहा पीत असायचा. मी कीबोर्डकडे बघत म्हणायचो, "अजून आला नाही. थोडं बसा."

दिवाळीनंतर बाबा एसटीनं आले. आमचं गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. बाबा गवंडीकाम करतात. परांचीवर चढताना त्यांना दम लागायला लागला होता, हिरड्यांतून रक्त यायचं, पायांवर लाल ठिपके उठले होते.

"लई काही न्हाई," ते म्हणाले. "तुझी माय मागं लागली म्हणून आलो."

ताईंना त्यांनी जय भीम केला. ताईंनीही केला आणि दंडाला पट्टा बांधत म्हणाल्या, "काका, हात हलवू नका बरं."

"भिंत सरळ धरणाऱ्याचा हात हाय, ताई. हलतोय कशाचा?"

सुई काढल्यावर बाबांच्या हातातून रक्त थांबेना. ताईंनी कापूस बदलला, पुन्हा बदलला. मग वरून घट्ट पट्टी बांधली. शेवटची गाडी चुकू नये म्हणून बाबा निघाले. "रिपोर्ट आला की कळव," जाताना म्हणाले.

संध्याकाळी रिपोर्ट यायला लागले. बाबांच्या आधी नंबर असलेल्या एका आजोबांचा आला. नंतरच्या शाळकरी मुलीचा आला. मी फोल्डर पुन्हा पुन्हा ताजं करत राहिलो. केबल सैल असेल म्हणून टेबलाखाली वाकून बघितली. ती घट्ट होती.

मी आतल्या दारात जाऊन उभा राहिलो. "ताई, बाबांचा?"

ताईंनी मान वर केली नाही. "अजून आला न्हाई. थोडं बस."

साहेब घरी जायला खाली उतरले. एरवी ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्या दिवशी काउंटरपाशी थांबले. "परीक्षा कधी आहे तुझी?"

"सोमवारपासून, सर. सर, बाबांचा रिपोर्ट..."

"मशीनवर पुन्हा लावायचाय," ते म्हणाले. "तू अभ्यास कर." आणि गेले.

मला ते खोटं वाटलं, पण खरं असेल अशी जागाही मी मनात ठेवली. पेपर सुरू झाले, लॅबला सुट्टी घेतली. घरचा फोन रोज यायचा. जेवलास का, पेपर कसा गेला, एवढंच. रिपोर्टचं बाबांनी एकदाही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. फोनमागं कधी पंख्याचा आवाज यायचा, कधी अनोळखी माणसं बोलताना ऐकू यायची. आमच्या घरात तसा पंखा नाही.

शेवटचा पेपर देऊन कॉलेजच्या गेटबाहेर आलो तेव्हा आईचा फोन आला.

"झाले का सगळे पेपर?"

"झाले."

"सगळे?"

"हो, सगळे झाले. काय झालं, आई?"

"ह्यांनी सांगू दिलं न्हाई रे मला. तुमच्या साहेबांनी त्याच सांजंला फोन केलता, हे एसटीतच होते. पोराचे पेपर होऊस्तोवर तुम्बी सांगू नका म्हणून ह्यांनीच साहेबाला हात जोडले." ती थांबली. "आम्ही सोलापूरला हाव, दवाखान्यात. रक्ताचा कॅन्सर म्हणले."